कृपा 'पुरेशी', म्हणजे किती?

वडगावचा_माग

सर्वांना सलाम.

हा मजकूर मी अकरा दिवस लिहायलोय. रोज चार-पाच ओळी, डाव्या हाताच्या एका बोटानं. जिथं शब्द सापडत नाही तिथं मोकळी जागा सोडतो. संध्याकाळी लेक घरी आली की मला विचारून विचारून ती जागा भरते. म्हणजे वाक्यं माझी, काही शब्द तिनं शोधून दिलेले.

घरात चार यंत्रमाग आहेत, साड्यांचं काम. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बावीस वर्षं पंच होतो. लंडन मिशनचे लोक १८२० साली बेळगावात आले, त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या जुन्या मंडळीतलं आमचं घराणं. पणजोबांपासून प्रार्थना पुढं होऊन करायची ती आमच्या घरानं, असं ठरल्यासारखंच होतं. कॉटेज मीटिंगला, म्हणजे कुणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनेला, पाळकसाहेब नुसते माझ्याकडे बघायचे. मग मी उभा राहायचो. लोकांचे डोळे भरून यायचे आणि मला ते आवडायचं. घरी येऊन अंथरुणावर पडल्यावर मी माझीच प्रार्थना मनात पुन्हा ऐकायचो. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात, पहाटे तुटलेली तार सांधताना हातातून कांडी पडली. उचलायला वाकलो तर हात हलेना. बायकोला हाक मारली, तोंडातून भलतंच काहीतरी निघालं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. समजतं सगळं. वस्तू समोर दिसते, तिचं नाव हाताशी येत नाही.

पहिला महिना 'पाणी' म्हणता येत नव्हतं. बायको कप, ताट, औषध, चादर एकेक दाखवायची, मी मान हलवायचो. एका दुपारी तोंडातून निघालं, 'नीरु'. मी जन्मभर मराठीच्या मोर्च्यांत चाललेला माणूस, कानडी फक्त सूतबाजारापुरती. आणि तहान लागल्यावर आला तो कानडी शब्द. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, दोन भाषांच्या माणसाचं असं होतं, कधी ही आधी परत येते, कधी ती. बायको रडत पाणी घेऊन आली.

प्रार्थनेचं त्याहून अवघड. स्वतःच्या मनानं एक वाक्य जुळवता येईना. 'प्रभू' म्हणायचो आणि पुढं भिंत. पण एका रविवारी सगळी मंडळी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागली आणि मी त्यांच्याबरोबर आमेनपर्यंत म्हणत गेलो, कुठंही न अडखळता. बायको माझ्याकडे बघतच राहिली. उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांना हे सांगायला गेलो तर 'साहेब' एवढंसुद्धा निघालं नाही. बाईंनी समजावलं की पाठांतर, गाणी, आकडे मोजणं हे मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, ती वाट बऱ्याचदा शाबूत राहते. म्हणजे लोक जिची वाट बघायचे ती माझी प्रार्थना गेली, आणि आईनं संडे स्कूलसाठी घोकून घेतलेली राहिली.

आता प्रश्न. २ करिंथ १२, करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाचं दुसरं पत्र. पौलानं देहात सलणारा काटा काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं आणि उत्तर आलं, 'माझी कृपा तुला पुरेशी आहे, अशक्तपणातच माझं सामर्थ्य पूर्णतेला येतं.' या वचनावर मी स्वतः किती वेळा उपदेश केलाय! मागच्या महिन्यात कानडी उपासनेला येणाऱ्या एक भगिनी मला भेटायला आल्या, त्यांनी त्यांच्या शास्त्रातून तेच वचन वाचलं: 'नन्न कृपेये निनगे साकु.'

साकु. म्हणजे पुरे. आपल्याकडच्या प्रत्येक पंगतीत ऐकलेला शब्द. वाढणारा भाताचं पातेलं घेऊन येतो, आपण पानावर आडवा हात धरतो, साकु साकु. पण तिथं म्हणतो जेवणारा, कारण त्याचं पोट त्याला कळतं. इथं वाढणाराच म्हणतोय की तुला पुरे. आणि मला माझं पान अर्धं दिसतंय.

ज्यांचा काटा निघाला नाही त्यांनी सांगावं. उपदेश नको, तुमचं काय झालं ते सांगा.

विश्वासाने_चाला

भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो, तुम्ही हे स्वीकारून का टाकलंत? याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय आणि विश्वासाची प्रार्थना दुखणाईताला वाचवील असं वचन आहे. माझ्या आईला डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली होती. आम्ही उपासात बसलो. ती नऊ वर्षं जगली. माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट आहे ही. पौलाचा काटा म्हणजे आजारच होता हे तरी कुठं लिहिलंय? अशक्तपणाला एवढा मान दिला तर लोक मागायचंच सोडून देतील.

वडगावचा_माग

तेल लावलं. प्रार्थना झाली. तुमच्या आईचं वाचून आनंद झाला, मनापासून.

पण मला एका मोठ्या सभेलाही नेलं होतं. स्टेजवरच्या माणसानं माइक माझ्या तोंडापाशी धरला, 'हालेलुया म्हणा.' निघालं नाही. त्यानं बायकोकडे वळून हजार माणसांसमोर सांगितलं, या घरात अविश्वास आहे. ती दोन दिवस जेवली नाही.

निपाणीचा_वाचक

काटा म्हणजे नक्की काय ते पौलानं सांगितलंच नाही, हे विश्वासाने_चाला यांचं बरोबर. मला वाटतं त्यामुळंच आपल्यातला प्रत्येकजण आपला काटा त्या ओळीत ठेवू शकतो. पण 'स्वीकारून का टाकलंत' हे मला पटत नाही. पौलानं तीनदा मागितलं. गेथशेमाने बागेत येशूनंही तेच शब्द उच्चारून तीनदा प्रार्थना केली (मत्तय २६:४४). दुःखाचा प्याला टळला नाही. तिथं विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल?

आणि पौलाच्या सोबत्यांकडे बघा. २ तीमथ्य ४:२०, 'त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो.' ज्याच्या हातून रोगी बरे झाले तो माणूस आपल्या सहकाऱ्याला आजारी अवस्थेत मागं ठेवून पुढं जातो आणि ते लपवत नाही. तीमथ्याला तर तो पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. मागणं आणि न मिळणं, दोन्ही एकाच माणसाच्या पत्रांत आहे.

त्याच वचनात पुढं ख्रिस्ताचं सामर्थ्य माझ्यावर राहावं असं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द तंबू ठोकून वस्ती करण्याचा आहे. सामर्थ्य अंगात भरलं असं तो म्हणत नाही, माझ्यावर येऊन राहिलं म्हणतो. मी मोडकाच, वर छप्पर त्याचं.

रमाबाईंबद्दलही सांगावंसं वाटतं. पंडिता रमाबाई जन्मानं आपल्या कर्नाटकातल्याच. त्यांना ऐकू फार कमी यायचं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र आणलं आणि केडगावात मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते छापलं, तेही तिथल्याच बायकांच्या हातांनी. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, त्या स्वतः गेल्या. शेवटपर्यंत काम त्या भाषांतराचंच. कान उघडले नाहीत, लेक परत आली नाही.

रात्रपाळी_नर्स

आधी कामाचं बोलते, कारण हा धागा अनेकजण वाचतील. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही अचानक दिसलं तर 'सकाळपर्यंत बघू' म्हणू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांच्या आतच देता येतं. खेड्यातून बेळगावात यायलाच दीड-दोन तास जातात. प्रार्थना गाडीत बसून करा.

आता भाऊंचा प्रश्न. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. मेरी वर्गीस यांची गोष्ट मी नर्सिंगला असताना ऐकली, तेव्हापासून ती माझ्याबरोबर आहे. १९५४ साली गाडीचा अपघात झाला, पाठीचा कणा दुखावला, कमरेखालचं सगळं गेलं. तरुण डॉक्टर, पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. तिथंच डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करत होते. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. मेरीबाई ती शिकल्या आणि खुर्चीतून ऑपरेशन करायला लागल्या. पुढं पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आल्या, आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पाठीचा कणा मोडलेल्यांसाठी, अवयव गमावलेल्यांसाठी केंद्र उभं राहिलं. १९७२ साली पद्मश्री मिळाली. पण मी विचार करते तो त्या वॉर्डातल्या पहिल्या पेशंटचा. पाय कायमचे गेलेत असं त्याला सांगायला आलेली डॉक्टर स्वतः खुर्चीत बसलेली होती. ते वाक्य उभ्या असलेल्या कुठल्याही डॉक्टरला तसं सांगता आलं नसतं.

खानापूर_नदीकाठ

आमच्याकडे कुंभारकाम पूर्वीपासूनचं, माती चांगली म्हणून सरकारनं कुंभारकामाची संस्थाही खानापुरातच काढली. त्यामुळे 'ही संपत्ती आमच्याजवळ मातीच्या भांड्यांत आहे' हे वचन आलं की मला आमची गल्लीच दिसते. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं. चकचकीत लेप दिलेली बरणी पाझरत नाही, तिच्यात पाणी कोमटच राहतं. भाऊ, तुमची बावीस वर्षांची प्रार्थना लेप दिलेली होती का, एवढंच मनात आलं. रागावू नका.

निपाणीचा_वाचक

उपमा छान आहे, पण जपून. २ करिंथ ४:७ मध्ये पौल पुढं म्हणतो की सामर्थ्याची पराकोटी देवाची आहे, आमची नव्हे. पाझरणं हा भांड्याचा गुण झाला की आपण पुन्हा भांड्याचंच कौतुक करायला लागतो. मग 'मी किती नम्र, मी किती मोडलेला' अशी साक्ष सुरू होते. अशा साक्षी मी ऐकल्यात.

वडगावचा_माग

खानापूरकर, रागावलो नाही. दोन दिवस तेच वाक्य घेऊन बसलोय. होय, लेप होता.

उंबरठा

मी इथं फक्त वाचते, आज लिहिते आहे.

'अशक्तपणातच सामर्थ्य' हे वचन मला सात वर्षं ऐकवलं गेलं. नवरा प्यायचा आणि मारायचा. मंडळीतल्या मोठ्या बायका म्हणायच्या, हा तुझा काटा आहे, सोस, देव तुझ्यातून त्याला जिंकेल. एका रात्री माझा हात मोडला. मी माहेरी आले. आता मी शिवणकाम करते, मुलगा माझ्याजवळ आहे. हे वचन मी अजून वाचू शकत नाही. पान उलटते. भाऊंची गोष्ट वेगळी आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण कुणीतरी हे लिहायला हवं होतं.

निपाणीचा_वाचक

ताई, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यावर सगळ्यात आधी यायला हवं होतं.

पौलानं काटा म्हटलं ते स्वतःच्या अंगातल्या गोष्टीला. दुसऱ्या कुणाला त्यानं 'हा तुझा काटा, सोस' असं सांगितलेलं नाही. आणि तोच पौल, प्रेषितांची कृत्ये २२ मध्ये, त्याला चाबकाच्या मारासाठी वादीनं बांधतात तेव्हा सुभेदाराला विचारतो, रोमी माणसाला, गुन्हा ठरल्याशिवाय, फटके मारणं कायद्यात बसतं काय? मार थांबतो. टाळता येणारा मार त्यानं टाळला, कायद्याचं नाव घेऊन टाळला. सात वर्षं तुम्हाला जे ऐकवलं ते अर्धं शास्त्र होतं. तुम्ही माहेरी आलात यात अविश्वास नाही.

विश्वासाने_चाला

ताई, मी अशा बायकांना असंच सांगत आलोय. प्रार्थना करा, बदलेल तो. दोन जणींना तर गेल्या वर्षीच सांगितलं. आज झोप लागणार नाही मला. उद्या त्यांच्या घरी जातो, बायकोला घेऊन.

उंबरठा

जा. आणि तो घरात असताना विचारू नका.

उचगावचा_शेतकरी

मी माळकरी, ख्रिस्ती नाही. आमचे शेजारी तुमच्या धर्माचे, त्यांनी हा धागा दाखवला. लिहिलेलं चालेल ना?

ते शेजारी मला रोमकरांच्या पत्रातलं एक वाक्य दाखवत होते, आत्मा आपल्या अशक्तपणात आपल्याला हातभार लावतो. पुढं काय मागावं ते आपल्याला कळत नाही तेव्हा तो शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी मागतो, असं काहीतरी. भाऊंचं बोलणं गेलं म्हणून त्यांना ते आठवलं.

मला 'हातभार' कळला. गवताचा भारा एकट्याच्यानं डोक्यावर चढत नाही. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारावी लागते, 'हात लाव की जरा.' तो समोरून धरतो, आपण इकडून धरतो, भारा डोक्यावर बसतो. मग तो आपल्या वाटेनं जातो, भारा आपल्याच डोक्यावर. पण हात लावल्याशिवाय उचललाच गेला नसता. तुमच्यात असंच आहे का, की तो सगळा भारा स्वतःच घेतो?

निपाणीचा_वाचक

दादा, तुम्ही मूळ शब्दाच्या अगदी जवळ गेलात. ग्रीकमधला तो शब्द 'बरोबरीनं, समोरच्या बाजूनं धरणं' असाच आहे. फक्त एक फरक, आमच्या समजुतीप्रमाणं तो वाटेत सोडून जात नाही.

कॅम्पकरीण

मी कॅथलिक. शब्दांना थोडी वेगळी सवय असेल, सांभाळून घ्या. माझ्या नवऱ्याला पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली.

वडगावच्या भाऊ, तुमचं पहिलं लिहिणं मी तीनदा वाचलं. त्यात तुमची बायको पाणी घेऊन रडत येते, मंडळीत तुमच्याकडे बघत राहते, सभेत बोलणी खाते, दोन दिवस जेवत नाही. प्रत्येक ठिकाणी ती आहे आणि प्रश्न मात्र तुमच्या पानाचा. तुमची अशक्तता तुमच्या अंगात असेल, पण तिचं वजन कुणाच्या कमरेवर आहे? मी रात्री चारदा उठते. कूस बदलायची, लघवीला न्यायचं. परवा त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली आणि मी उशी तोंडावर घट्ट दाबून धरली, स्वतःच्या, किंचाळू नये म्हणून. सकाळी कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला गेले, फादरना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तुझ्याकडे रात्री कोण येतं? म्हटलं, कोणी नाही. म्हणाले, हे तुझं पाप मी कसं म्हणू, हे आमचं आहे.

सामर्थ्य पूर्णतेला येतं ते कुणाच्या अशक्तपणात? आजाऱ्याच्या एकट्याच्या, की त्याचं करणारीच्याही? बायकोला विचारून सांगा. हे मी भांडायला लिहीत नाही.

रात्रपाळी_नर्स

ताई, दिवसा झोपायला मिळतं का तुम्हाला? कुणी दोन तास तरी बसतं का?

वडगावचा_माग

सहा दिवस लिहिलं नाही. विचारायला धीर होईना.

काल विचारलं. मी एकेक शब्द काढत होतो, ती थांबली होती, मागं लागली नाही. ती बोलली ते लेकीनं लिहून घेतलंय, जसंच्या तसं देतोय:

'पहिलं वर्ष मी एकच मागितलं, यांना होते तसे कर. मग एक दिवस मी भरवत होते आणि यांनी डाव्या हातानं ताट ढकललं. मी ते ताट भिंतीवर आपटलं. मागच्या शेडमध्ये गेले, चारही माग चालू केले आणि त्या आवाजात रडले, गल्लीत ऐकू जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या कानडी ताई आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. म्हणाल्या, मी बसते यांच्यापाशी, तू बाजारला जाऊन ये. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, दोन तास. मी खडे बाजारात जाते, काही घ्यायचं नसलं तरी जाते. चहा पिते एकटी. माझी प्रार्थना असली तर तीच.

आणि ते साकूचं यांनी उगाच वाढवलंय. पंगतीत पहिल्याच वाढीला कुणी पान भरत नाही. वाढणारा पुन्हा येतो. यांना बसल्या बसल्या जन्मभराचा भात पानात दिसायला हवा.'

ती एवढं बोलून रंग बघायला गेली. साडीचा ताणा लावायचा होता.

निपाणीचा_वाचक

वहिनींना सांगा, रानात इस्राएल लोकांना देवाकडून खायला मिळायचा तो मान्ना असाच होता. निर्गम १६. रोजच्यापुरता गोळा करायचा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर किडे पडायचे. ज्यानं थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही, ही ओळ पौलानं याच पत्रात, ८:१५ मध्ये घेतली आहे. चार अध्याय पुढं गेल्यावर तो 'पुरेशी' लिहितो. मी हे पत्र इतक्या वेळा वाचलं आणि या दोन जागा कधी जोडल्या नव्हत्या.

कॅम्पकरीण

वहिनींचं वाचून खूप रडले. मग बरं वाटलं. मी पण माग चालू केले असते, असते तर.

विश्वासाने_चाला

त्या दोघींपैकी एकीला माझी बायको दुपारी भेटून आली, तो कामावर असताना. ती आमच्याकडे राहायला आली आहे. जास्त लिहीत नाही.

रात्रपाळी_नर्स

कॅम्पकरीण ताई, मी कॅम्पापासून लांब नाही. बुधवारी रात्री मला ड्यूटी नसते. नऊ ते सहा मी बसू शकते. कूस बदलायचं मला शिकवावं लागणार नाही. तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा. निरोप पाठवला आहे, वाचा.

कॅम्पकरीण

वाचला. आधी 'नको, जमतंय' असं लिहिलं होतं, ते खोडलं. या बुधवारी या.

वडगावचा_माग

आमच्या मंडळीत पुढच्या रविवारपासून शेवटची प्रार्थना मी करणार, असं पाळकसाहेब म्हणालेत. स्वर्गातील पित्या, तेवढीच. कानडी ताईही त्या दिवशी मराठी उपासनेला येणार आहेत. त्या त्यांच्या भाषेत म्हणतील, मी माझ्या. मध्येच अडलो तर त्यांच्या आवाजाला धरून पुढं जाईन, असं ठरलंय.

उंबरठा ताई, तुम्ही कशा आहात?